रिसेप्टर परत येतो की नाही

सोलापुरात सात रस्त्याजवळ आमची पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आहे. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन गेलेल्यांच्या नळ्या सेंट्रिफ्यूजमधून बाहेर काढल्या की वर सुटलेल्या सीरमच्या रंगावरूनच काही गोष्टी कळतात. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असेल तर सीरम दुधाळ दिसते. ज्याचे एलडीएल, म्हणजे ज्याला लोक वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, अडीचशे-तीनशेच्या घरात आहे, त्याचे सीरम मात्र पुष्कळदा अगदी स्वच्छ, फिकट पिवळे असते, कारण एलडीएलचा कण जेमतेम २२ नॅनोमीटरचा असतो आणि सीरम गढूळ दिसावे इतका प्रकाश त्याच्याने विखुरला जात नाही. डोळ्यांना काहीच वावगे दिसलेले नसताना यंत्रावर २७० हा आकडा येतो, आणि रिपोर्ट न्यायला येणारा माणूस अनेकदा सडपातळ, चाळिशीच्या आतला आणि निर्व्यसनी असतो.

अशा माणसाला घरचे लोक पहिली गोष्ट सांगतात ती शेंगाचटणी बंद करण्याची. वास्तविक शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसते. आहाराचा परिणाम होतो, हे मी नाकारत नाही. वनस्पती तुपातल्या आणि साजूक तुपातल्या मेदाने एलडीएल चढते, आणि ज्याचे ते १५० आहे त्याने ताटाकडे जरूर पाहावे. पण कडक भाकरी आणि डाळ खाणाऱ्या पस्तिशीच्या माणसाचे एलडीएल २७० येते तेव्हा त्याचे कारण त्याच्या यकृताच्या पेशींत शोधावे लागते, आणि त्यातही एका विशिष्ट प्रथिनाच्या येण्याजाण्यात शोधावे लागते, असे मला ठामपणे वाटते. या येण्याजाण्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून ते जरा सविस्तर लिहीत आहे.

हे प्रथिन म्हणजे एलडीएल रिसेप्टर. रक्तातून फिरणारे एलडीएलचे कण पकडून पेशीच्या आत नेणे हे त्याचे काम, आणि हे काम सर्वांत जास्त प्रमाणात यकृतात चालते. अमेरिकेत डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन डॉक्टरांनी १९७० च्या दशकात त्याचा शोध लावला आणि १९८५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांच्यात हा रिसेप्टर जन्मतःच सदोष असतो त्यांच्या आजाराला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. आईकडून किंवा वडिलांकडून एक सदोष जनुक आलेली माणसे साधारण अडीचशे-तीनशे लोकांत एक इतकी आढळतात. दोन्ही बाजूंनी सदोष जनुक आलेली मुले फार विरळा, साधारण तीन लाखांत एक, आणि उपचार न मिळाल्यास त्यांना लहानपणीच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. यकृतातल्या रिसेप्टरवर किती अवलंबून असते हे १९८४ मध्ये पिट्सबर्गला स्टॉर्मी जोन्स या सहा वर्षांच्या मुलीवर केलेल्या शस्त्रक्रियेने दाखवून दिले. तिच्या शरीरात हृदय आणि यकृत दोन्ही नवे बसवल्यानंतर तिचे एलडीएल ९८८ वरून १८४ पर्यंत उतरले. हृदय बदलल्याने कोलेस्टेरॉल उतरत नाही. ते नव्या यकृतातल्या रिसेप्टरांनी उतरवले.

रिसेप्टर तयार होतो की नाही एवढाच प्रश्न असता तर हे प्रकरण सोपे होते. रिसेप्टर तयार होतो, पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचतो, एलडीएलला पकडतोही, आणि तरीही माणूस आजारी राहतो, हे ब्राउन-गोल्डस्टीन यांना एका रुग्णाच्या त्वचेतून घेतलेल्या पेशींत दिसले. त्या रुग्णाचा उल्लेख शास्त्रीय लेखांत केवळ जे. डी. या आद्याक्षरांनी होतो. त्याच्या पेशींवर एलडीएल नेमके बसत होते, पण आत जात नव्हते. त्यांचे सहकारी रिचर्ड अँडरसन यांनी एलडीएलच्या कणांना फेरिटिन हे लोहयुक्त प्रथिन जोडले, जेणेकरून ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ठिपक्यांसारखे उठून दिसावेत, आणि निरोगी पेशी व जे. डी.च्या पेशी शेजारी ठेवून पाहिल्या. निरोगी पेशीत हे ठिपके पेशीपटलाच्या काही ठरावीक खळग्यांत दाटीने बसलेले होते. असे खळगे पेशीच्या पृष्ठभागाचा जेमतेम दोन टक्के भाग व्यापतात, पण निम्म्याहून अधिक एलडीएल रिसेप्टर त्यांच्यातच असतात. जे. डी.च्या पेशीत खळगे तसेच्या तसे होते, ठिपकेही होते, मात्र ते खळग्यांच्या बाहेर सगळीकडे विखुरलेले होते.

दोष कोठे होता हे कळायला १९८६ उजाडले. एलडीएल रिसेप्टर ८३९ अमिनो आम्लांचा असतो. त्याचा फार मोठा भाग पेशीच्या बाहेर असतो, पेशीपटलातून तो एकदाच आरपार जातो आणि शेवटच्या ५० अमिनो आम्लांची एक शेपटी पेशीच्या आत राहते. जे. डी.च्या रिसेप्टरमध्ये त्या शेपटीतल्या ८०७ व्या जागी टायरोसिनऐवजी सिस्टीन आले होते, बाकी सगळे जागच्या जागी होते. एलडीएलला पकडणारा भाग बाहेर धडधाकट असताना आतल्या बाजूचे एक अमिनो आम्ल बदलल्याने सगळा रिसेप्टर निरुपयोगी ठरला. मला स्वतःला जीवशास्त्रातल्या मोजक्याच निष्कर्षांनी इतके थक्क केले आहे. रिसेप्टरने कोठे जायचे हे त्याच्या शेपटीत लिहिलेले असते आणि ते वाचणारी वेगळी प्रथिने पेशीत असतात, ही कल्पना या एका रुग्णामुळे भक्कम पायावर उभी राहिली.

खळग्यांची ओळख मात्र त्याआधीच झाली होती. १९६४ मध्ये थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांनी डासाच्या मादीच्या अंडपेशी रक्तातून पीतकाचे प्रथिन कसे शोषून घेतात ते पाहताना पेशीपटलावर आतून काटेरी लेप असलेले खळगे पाहिले. तो लेप ज्या प्रथिनाचा असतो ते केंब्रिजमध्ये बार्बरा पीअर्स यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास डुकराच्या मेंदूतून वेगळे काढले आणि त्याला क्लॅथ्रिन हे नाव दिले. क्लॅथ्रिनचा एकेक रेणू तीन पायांचा असतो. असे अनेक रेणू पायात पाय गुंतवून एकत्र आले की पंचकोन आणि षट्कोन यांची जाळी तयार होते, अगदी फुटबॉलवरच्या शिवणीसारखी. ही जाळी बसत जाते तसा पेशीपटलाचा तो भाग आत वळत जातो.

क्लॅथ्रिन स्वतः रिसेप्टरला ओळखत नाही, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. मध्ये जुळवणारी प्रथिने असतात, त्यांना अ‍ॅडॅप्टर म्हणतात. एपी-२ हा त्यांतला सर्वांत जास्त अभ्यासलेला. तो एका हाताने पेशीपटलातल्या विशिष्ट मेदाला धरतो, दुसऱ्याने रिसेप्टरच्या शेपटीतला संकेत वाचतो आणि तिसऱ्या बाजूने क्लॅथ्रिनला बोलावतो. एलडीएल रिसेप्टरच्या शेपटीतल्या ज्या चार अमिनो आम्लांच्या संकेतात ते टायरोसिन बसते, तो संकेत यकृतात वाचतो एआरएच नावाचा आणखी एक अ‍ॅडॅप्टर. त्याच्याकडे शेवटी परत यायचे आहे.

खळगा पुरेसा खोल झाला की त्याची मान आवळून तोडण्याचे काम डायनामिन करते. हे प्रथिन मानेभोवती वेटोळे घालते आणि जीटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या बळावर ती तोडते. शिबिरे या नावाच्या फळमाशीत डायनामिनचे जनुक असे बदललेले असते की तापमान तिशीच्या आसपास नेताच माशी लुळी पडते आणि थंड जागी आणताच पुन्हा उडू लागते, कारण गरम असताना तिच्या मज्जातंतूंच्या टोकांवर खळगे तयार होतात पण तुटत नाहीत. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत थॉमस पुकाडिल यांच्या गटाने पटलाच्या बारीक नळ्या तयार करून त्यांवर डायनामिन ती नळी कशी तोडते ते पाहिले आहे. सोलापूरहून चार-पाच तासांच्या अंतरावर हे काम चालते, हे आमच्या भागातल्या बारावी-बीएस्सीच्या मुलांना ठाऊक असायला हवे.

तुटून आत आलेल्या पिशवीवरचा क्लॅथ्रिनचा लेप लगेच गळतो आणि ती एंडोसोम नावाच्या कप्प्याला मिळते. एंडोसोमच्या भिंतीवरचे पंप आत प्रोटॉन भरतात, त्यामुळे आतला पीएच सहाच्या आसपास उतरतो. एवढ्या आम्लतेत एलडीएल रिसेप्टर आपला आकार बदलतो आणि एलडीएलचा कण सुटतो. कण पुढे लायसोसोम या पेशीतल्या पचनाच्या कप्प्यात जातो आणि तेथे त्याचे कोलेस्टेरॉल मोकळे होते. रिसेप्टर मात्र पृष्ठभागावर परततो. या एका फेरीला साधारण दहा मिनिटे लागतात, आणि सुमारे वीस तासांच्या आयुष्यात एकच रिसेप्टर शंभराहून अधिक फेऱ्या मारू शकतो. म्हणजे यकृत रक्तातून किती एलडीएल उचलणार, हे किती रिसेप्टर तयार झाले यावर जितके अवलंबून असते, तितकेच त्यांतले किती आत गेल्यावर परत आले यावर असते. या सबंध लेखात मला सांगायचे आहे ते हेच.

सगळेच रिसेप्टर परत येत नाहीत, आणि यावेत अशी पेशीची इच्छाही नसते. रक्तात लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाला पकडून पेशीत आणणारा ट्रान्सफेरिन रिसेप्टर जवळजवळ नेहमी परततो: एंडोसोमच्या आम्लतेत लोह सुटते, रिकामे ट्रान्सफेरिन मात्र रिसेप्टरला धरूनच वर येते आणि बाहेरच्या पीएचमध्ये पोहोचल्यावर निसटते. वाढीचा संदेश घेणारा ईजीएफ रिसेप्टर याच्या अगदी उलट वागतो. संदेशाचा रेणू त्याला चिकटल्यावर सीबीएल हे प्रथिन त्याच्या शेपटीवर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची खूण लावते. एंडोसोमच्या पृष्ठभागावर एस्कॉर्ट नावाने ओळखली जाणारी प्रथिनांची एक साखळी असते. ती ही खूण लागलेले रिसेप्टर वेचते आणि एंडोसोमच्याच आत बारीक पिशव्या तयार करून त्यांत ढकलते. त्या क्षणापासून रिसेप्टरची शेपटी पेशीद्रवाला दिसेनाशी होते, संदेश थांबतो, आणि पुढे लायसोसोममध्ये सगळेच विरघळते. ही पायरी बिघडली तर वाढीचा संदेश थांबतच नाही, आणि काही कर्करोगांत नेमके हेच घडलेले असते.

फार वर्षे असे मानले जात होते की परत जाणे ही आपसूक होणारी गोष्ट आहे; खूण असेल तो लायसोसोमकडे जाणार आणि उरलेले पटलाबरोबर आपोआप वर येणार. अलीकडच्या कामाने हे चित्र बदलले, आणि मला यातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. परत जाण्यासाठीही संकेत वाचावा लागतो. सॉर्टिंग नेक्सिन-१७ हे प्रथिन एंडोसोमवर बसून शेपटीतला जो संकेत वाचते, तो एलडीएल रिसेप्टरच्या बाबतीत आत येताना वाचला गेलेला तोच टायरोसिनचा संकेत असतो. पेशीपटलावर तो एका प्रथिनाने वाचला तर रिसेप्टर आत जातो, एंडोसोमवर दुसऱ्याने वाचला तर बाहेर येतो. सॉर्टिंग नेक्सिन-१७ ज्या यंत्रणेबरोबर काम करते तिला रिट्रीव्हर म्हणतात. २०१७ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी तिचे वर्णन केले. तिच्या जोडीला सीसीसी आणि वॉश असे आणखी दोन प्रथिनसमूह लागतात. वॉशमुळे एंडोसोमच्या त्या जागी अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे तंतू वाढतात आणि परतणाऱ्या रिसेप्टरांना घेऊन पटलाची नळी बाहेर निघते.

या यंत्रणेचा कोलेस्टेरॉलशी काय संबंध, ते नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले. सीसीसी समूहातल्या एका प्रथिनाचे जनुक बिघडल्यामुळे ज्यांच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम झालेला आहे, अशा रुग्णांचे कोलेस्टेरॉलही चढलेले निघाले. त्याच समूहातले कॉमडी-१ हे प्रथिन नसलेल्या कुत्र्यांचे एलडीएलही तसेच वाढलेले होते. अशा कुत्र्यांच्या यकृतात तांबे साठते हे आधीपासून माहीत होते. तांबे वाहून नेणाऱ्या प्रथिनांची पाठवणीही याच वाटेवर अवलंबून असल्याचा हा परिणाम. या रुग्णांत आणि या कुत्र्यांत एलडीएल रिसेप्टरचे जनुक निर्दोष होते. रिसेप्टर तयार होऊन आत जात होता, पण तेथून बाहेर येण्याची वाट मोडलेली होती.

याच फाट्यावर शरीराचे स्वतःचे एक प्रथिन रिसेप्टरला चुकीच्या वाटेला लावते, आणि आजची नवी औषधे त्याच्याशी संबंधित आहेत. पीसीएसके-९ नावाचे हे प्रथिन यकृतातूनच रक्तात सुटते आणि पृष्ठभागावरच्या एलडीएल रिसेप्टरला चिकटते. एलडीएल आम्लतेत सुटते. पीसीएसके-९ ची पकड मात्र आम्लतेत आणखी घट्ट होते, म्हणून रिसेप्टरला परतण्यासाठी लागणारा आकार घेता येत नाही आणि तो लायसोसोममध्ये जाऊन संपतो. यासाठी युबिक्विटिनची खूणही लागत नाही. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत हे प्रथिन अति क्रियाशील असल्याने एलडीएल फार वाढलेले आढळले. त्यानंतर डॅलसमध्ये हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलट बाजूने शोध घेतला, आणि २००६ मध्ये असे दाखवले की ज्या कृष्णवर्णीय अमेरिकनांत या जनुकाची एक प्रत जन्मतः निकामी असते त्यांचे एलडीएल सरासरी २८ टक्के कमी आणि हृदयविकाराचे प्रमाण तब्बल ८८ टक्के कमी असते. जन्मापासून रिसेप्टर थोडे अधिक वेळा परत आले, एवढ्यानेच इतका फरक पडला.

स्टॅटिनच्या गोळ्यांविषयी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण रिपोर्ट घ्यायला आलेले लोक ती वारंवार विचारतात. गोळीचा डोस दुप्पट केला तर कोलेस्टेरॉल आणखी तितकेच का उतरत नाही? स्टॅटिनमुळे यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉलची निर्मिती घटते, पेशीला टंचाई जाणवते आणि ती अधिक रिसेप्टर तयार करते. पण ज्या नियंत्रक प्रथिनामुळे रिसेप्टरचे जनुक जागे होते, त्याच्याच हुकमाने पीसीएसके-९ चे जनुकही जागे होते, आणि नव्या रिसेप्टरांपैकी काही त्याच्या तावडीत सापडतात. म्हणून डोस दुप्पट केल्यावर एलडीएल साधारण सहा टक्केच अधिक उतरते. २०१५ मध्ये मान्यता मिळालेली इव्होलोकुमॅब आणि अ‍ॅलिरोकुमॅब ही इंजेक्शने पीसीएसके-९ ला रक्तातच पकडतात, आणि त्यानंतर आलेले इन्क्लिसिरान यकृतात ते तयार होणेच रोखते, त्यामुळे सुरुवातीच्या डोसांनंतर ते वर्षातून दोनदाच घ्यावे लागते. ही औषधे अजून महाग आहेत, आणि म्हणूनच ती कोणाला खरोखर उपयोगी पडतील हे आधी नीट ओळखणे मला अगत्याचे वाटते. ज्याच्या पेशींत कामाचा रिसेप्टर मुळीच तयार होत नाही, त्याला पीसीएसके-९ अडवून लाभ नाही, कारण वाचवायला रिसेप्टरच नसतो.

आता एआरएच या अ‍ॅडॅप्टरकडे येतो. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे, आणि अशा जोडप्यातले नवरा-बायको दोघेही एकाच सदोष जनुकाचे वाहक असण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. समजा, अशा घरातले एखादे दहा वर्षांचे मूल कोपरावर आणि टाचेमागच्या कंडरेवर पिवळसर गाठी आल्या म्हणून तपासणीला आले आणि त्याचे एलडीएल ४५० निघाले. गाठ बोटाने दाबली तर घट्ट लागते आणि पाऊल वरखाली केल्यावर कंडरेबरोबर हलते; ती चरबीची साधी गाठ समजून कापून टाकण्याची घाई होऊ नये. अशा वेळी आम्ही त्याच दिवशी आई आणि वडील दोघांचेही नमुने मागतो. दोघांचेही एलडीएल दोनशेच्या आसपास वा पुढे असेल तर दोघांकडूनही सदोष एलडीएल रिसेप्टर आलेला असण्याची शक्यता मोठी, आणि मग मामा, आत्या, चुलत-मावस भावंडे या सगळ्यांचे रक्त तपासायला सांगणे भाग असते, कारण त्यांच्यातही एकेक सदोष प्रत फिरत असणार.

दोघांचेही आकडे शंभर-सव्वाशेच्या आत, अगदी सर्वसामान्य निघाले तर विचार बदलावा लागतो. एआरएचचा आजार एका सदोष प्रतीने होत नाही, दोन्ही लागतात, म्हणून आई-वडील निरोगी असतात. २००१ मध्ये हे जनुक सापडले तेव्हा त्यातली बरीच कुटुंबे इटलीच्या सार्डिनिया बेटावरची होती. या मुलाच्या यकृतात रिसेप्टर उत्तम तयार होतो, पृष्ठभागावर गर्दी करून उभा राहतो आणि एलडीएलला धरतोही, मात्र खळग्यात नेणारा अ‍ॅडॅप्टर नसल्याने तेथेच अडकतो. त्वचेच्या पेशी घेऊन पाहिल्या तर त्या एलडीएल जवळपास नेहमीसारखे आत घेताना दिसतात, कारण तेथे डॅब-२ हे दुसरे प्रथिन एआरएचची जागा भरून काढते. यकृताच्या पेशीत तशी सोय नाही. जे. डी.च्या त्वचेच्या पेशींत दोष स्पष्ट दिसला होता, या मुलाच्या दिसणार नाही. सीटोस्टेरोलेमियासारखे (यात वनस्पतींतली कोलेस्टेरॉलसारखी द्रव्ये रक्तात साठतात) आणखी काही विरळा आजारही असेच भासतात, म्हणून शेवटचा निर्णय जनुकचाचणीनेच होतो. तरी तिचा अहवाल येईपर्यंत उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एवढे सांगता येते की एआरएचच्या मुलांना स्टॅटिन आणि आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाणे कमी करणारे एझेटिमाइब यांचा गुण दोन्ही बाजूंनी रिसेप्टरच हरवलेल्या मुलांपेक्षा बहुधा चांगला येतो, आणि ती औषधे लगेच सुरू करायला हरकत नसते.